अजिंठ्याच्या बायकांचे ब्लाउज

लहान मुलांना कलेचा इतिहास गोष्टींतून सांगायचा, ही कल्पना माझी नव्हती. गाझियाबादच्या एका प्रकाशकाची होती. तेव्हा मी एका मंत्रालयात अनुवादक होते. दिवसभर परिपत्रकांचं हिंदी करायचं आणि संध्याकाळी बसमध्ये उभ्याने मयूर विहारला परतायचं. कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं आणि एका रविवारी ते गृहस्थ घरी आले. बसल्याबसल्याच म्हणाले, "मैडम, आजकल के बच्चों में कल्चर बिल्कुल नहीं है." त्यांच्यात ते भरपूर असावं, कारण चहा झाल्यावर त्यांनी माझ्याच बशीत सिगारेट विझवली.

तरी मला आनंद झाला होता. महिनाभर खपून मी अजिंठ्याची गोष्ट लिहिली. चित्रकाराची गोष्ट कुणीही लिहील, म्हणून मी भिंत लिंपणाऱ्या बाईची लिहिली. नुसत्या दगडावर रंग नीट धरत नाही, म्हणून आधी मातीत भाताचा कोंडा घालून गिलावा करायचा. माझी बाई तो कोंडा गावातून डोक्यावर आणते, भिंत लिंपते, आणि आपण लिंपलेल्या जागी काय उमटतंय ते बघायला रोज घटकाभर थांबते.

गोष्ट पुस्तकासाठी हिंदीत होती, पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मी ती मराठीत सांगितली. तिने मध्येच तोंड वाकडं केलं. "छी आई, भिंतीला कोंडा? डँड्रफ?"

दिल्लीत वाढलेल्या पोरीला कोंडा तेवढा एकच ठाऊक. मी तिला पिठाच्या चाळणीत उरलेला कोंडा दाखवला. तो बोटांनी चोळत ती म्हणाली, "अच्छा. मग त्या बाईचं चित्र कुणी काढलं का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी घाईघाईने शेवट बदलला आणि हस्तलिखित पाठवून दिलं.

प्रकाशकांचा फोन आला. "बहुत बढ़िया, मैडम. बस, हीरो कहाँ है?"

"वही औरत."

"मज़दूरनी? अच्छा… और मॉरल?"

"मॉरल नहीं है."

ते खूप हसले. मी विनोद केला, असं त्यांना वाटलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात बाई नव्हती. अभ्यासाचा कंटाळा करणारा एक राजपुत्र होता. तो लेणी बघतो, त्याचे डोळे पाणावतात, आणि यापुढे आईवडिलांचं ऐकायची तो शपथ घेतो. मागच्या भिंतीवरच्या अजिंठ्याच्या बायकांना चित्रकाराने पूर्ण बाह्यांचे, गळाबंद ब्लाउज शिवून दिले होते. मुखपृष्ठावर माझं नाव ठळक होतं.

मी ते तेव्हाच परत पाठवायला हवं होतं. पण मुलीच्या शाळेने प्रकाशन समारंभ ठेवला, प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं, आणि मी चांगली साडी इस्त्री करून घेतली. प्रकाशकाला नावं ठेवताना हे विसरून चालणार नाही.

शाळेच्या हॉलमध्ये मी राजपुत्र मोठ्याने वाचला. वाचून होताच दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील फौजेत होते, आधी औरंगाबादच्या छावणीत. "मैम, हमने अजंता देखा है. वहाँ किसी ने ऐसे कपड़े नहीं पहने."

हॉलभर खसखस पिकली. मुख्याध्यापिकाबाईंनी माइक ओढून घेतला. "बैठ जाओ बेटा. डाउट्स बाद में."

मला त्या पोरीपुढे लाज वाटली. मी माइकशिवायच म्हणाले, "यह ठीक कह रही है. किताब ग़लत है." आणि लिंपणाऱ्या बाईची गोष्ट सुरू केली. मुलं पुढे सरकून बसली. पण बाई लेण्याच्या दारापर्यंत पोचते न पोचते तोच मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळ दाखवलं आणि प्रश्नमंजूषा जाहीर केली. लेणी किती? नदी कोणती? ज्यांच्या आयांनी रात्रभर पाठ करून घेतलं होतं, त्यांना प्लॅस्टिकचे डबे मिळाले. जिने लेणी खरोखर पाहिली होती तिला काही मिळालं नाही. तिला फक्त बसायला सांगितलं होतं.

प्रकाशक मागच्या रांगेत आनंदाने टाळ्या वाजवत होते. महिन्याभरात त्यांचा पुन्हा फोन आला. आता मोगल चित्रांवर पुस्तक हवं होतं.

मी विचारलं, "बादशाह के हाथ में जो प्याला होता है, उसका क्या करेंगे?"

"शरबत लिख देंगे, मैडम."

मी नाही म्हटलं. त्यांना दुसरं कुणीतरी लगेच मिळालं. शरबताचं पुस्तक शाळेशाळेत लागलं आणि माझं ब्लाउजचं पुस्तकही त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं खपत राहिलं.

पुढे मी रविवारी सकाळी कार्यालयाच्या वाचनालयातून आणलेले चित्रांचे जाड ग्रंथ घरी जमिनीवर उघडून बसायला लागले. सोसायटीतली नऊ मुलं यायची. इथे सर्टिफिकेट मिळत नाही, हे कळल्यावर आयांनी एकेकाला गणिताच्या ट्यूशनला वळवलं. शेवटी माझी मुलगी आणि ती फौजीची पोर, अशा दोघीच उरल्या. तिच्या वडिलांची बदली होईपर्यंत एका रविवारीही ती चुकली नाही.