ऑइलचं झाकण

ईरा, निहार,

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सोपं लिहिते आहे. आजोबांना जाऊन पाच आठवडे झाले. भेटायला येणारे थांबले, शेजारपाजारची भांडी ज्याची त्याला परत गेली, औषधांच्या बाटल्या टाकून झाल्या. मी फार थकले आहे. पण परवा फोनवर निहारने विचारलं, "आजी, आजोबांचं दुखणं सुरू कधी झालं?" आणि मी डॉक्टरांच्या कागदावरची तारीख सांगितली. ती खरी नाही. खरी मला ठाऊक आहे, आणि आता ती ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे...

दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार, सकाळची वेळ, नेरूळच्या आपल्या बिल्डिंगखाली. आजोबांची मोटरसायकल तुमच्या बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतली. तिच्यावरूनच ते रोज तळोज्याच्या कारखान्यात जात. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि शेवटच्या दिवशीही तिच्यावरूनच घरी यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तिचं ऑइल ते स्वतः बदलत, गॅरेजवाल्याला हात लावू देत नसत. त्या दिवशी ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण निघेना. त्यांनी इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं, झाकणाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, माझं लाटणं घेऊन कडेकडेने हलकेच ठोकलं. पकड किंवा पान्हा लावायचा नाही, मऊ धातूवर दात उमटतात, हा त्यांचा नियम. वरच्या मजल्यावरचे हमीदभाई गॅलरीतून सगळं बघत होते. "भाऊ, झाकण उघडताय की तिजोरी फोडताय? पान्हा देतो ना, एका झटक्यात खेल खलास!" आजोबा वर न बघता म्हणाले, "तुमच्या पान्ह्याने तुमच्या गाडीची वाट लागली, माझी राहू द्या." अर्ध्या तासाने ते घाम पुसत पाणी प्यायला वर गेले. मी चहाचा कप घेऊन खाली आलेच होते, हमीदभाई गॅलरीतून आत गेले होते. सहज पट्टी धरून झाकण फिरवलं... लोणच्याच्या बरणीसारखं फिरलं. परत लावलं, परत फिरवलं. ते अडकलेलं नव्हतंच.

तिथेच मला सगळं कळलं. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ का लागतो, तेही. पण सगळ्या बिल्डिंगसमोर बायकोच्या हाताने ते निघालं, असं होऊ द्यायला मी तयार नव्हते. मी ते होता होईल तेवढं घट्ट आवळलं आणि हाक मारली, "हमीदभाई, आणाच तुमचा पान्हा." हमीदभाई आले, आजोबाही खाली परतले; पान्ह्यालाही जोर लावावा लागला, झाकणावर दात उमटले. आजोबा चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बघ, म्हटलं नव्हतं? अडकलंच होतं!" मी मान हलवली.

मी मान हलवली म्हणून ते आणखी तीन आठवडे गाडी चालवत राहिले. मग शिरवण्याजवळ एक म्हैस आडवी आली आणि उजव्या हाताने ब्रेक दाबला गेला नाही. खांद्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, हातातला जोर कधीपासून कमी आहे, तेव्हा आम्ही दोघांनीही अपघाताचीच तारीख सांगितली. डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर आजोबा छताकडे बघत म्हणाले, "ते झाकण अडकलं नव्हतं ना गं?"

"नव्हतं."

"पेला उचलताना मला कळत होतं. पण तू मान हलवलीस... म्हटलं, अडकलंच असेल."

पुढे निदान झालं. हा नसांचा आजार तीन आठवडे आधी कळून थांबला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हाड मात्र मोडलं नसतं.

नंतर गाडी विकली. कारखान्याचा शेवटचा दिवस त्यांना मिळालाच नाही. दुपारी मी पडले असले की ते डाव्या हाताने स्वयंपाकघरात काहीबाही खुडबुड करत. म्हणून मी प्रत्येक डब्याचं झाकण नुसतं ठेवल्यासारखं ठेवू लागले. त्यांनाही ते समजत होतं. "अगं, उघडलं बघ," ते आतून ओरडत. मी "वा!" म्हणत असे. या वेळी आम्ही दोघंही खोटं बोलत नव्हतो.

घरातलं एकही झाकण मी अजून घट्ट लावलेलं नाही. बिस्किटं मऊ पडतात.