निकाल बिघडवणाऱ्या सोलकर बाई

सोलकर बाई गणिताचा पेपर तपासताना चुकलेल्या गणितावर फुली मारत नसत. पहिल्या पायरीपासून बरोबर असलेल्या प्रत्येक ओळीसमोर छोटीशी खूण करत खाली यायच्या आणि जिथे गाडी घसरली असेल तिथे लाल शाईची एक आडवी रेघ ओढायच्या. पेपर हातात देताना म्हणायच्या, "इथपर्यंत तू शहाणी होतीस. पुढं काय झालं?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागे. समजलं नाही म्हटलेलं चालायचं, विसरले म्हटलेलंही चालायचं. गप्प राहिलेलं चालत नसे. त्यांचे वडील मच्छीमारी होडी हाकणारे तांडेल होते, नवरा आखातात जहाजावर. त्यामुळे बोलण्यात समुद्र यायचाच. "बुडणारा माणूससुद्धा हात वर करतो गो. तू निदान तेवढं तरी कर," असं म्हणायच्या.

आमचं हायस्कूल रत्नागिरी शहराच्या बाहेर, पालीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. सरकारी अनुदानावर चालणारं. त्याच्या भिंतींचा जांभा चिरा आमच्या आजोबांनी सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून वाहून आणला, आणि छपराचे पैसे वाड्यांच्या मुंबई मंडळांनी पाठवले. पुढे आजूबाजूला इमारती झाल्या, फ्लॅटमधली मुलं शाळेत आली, आणि गेटवर दरवर्षी एक मोठा फ्लेक्स लागू लागला: दहावीचा निकाल सलग शंभर टक्के. तो शंभर टक्के कसा लागतो, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसे. मी ते इथे लिहिते.

नववीची परीक्षा झाली की कच्च्या मुलांच्या आयांना मुख्याध्यापक एकेक करून बोलावून घेत. बापांना नाही, आयांनाच. बाप मुंबईत असत. माझे वडील तिथे एका ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. आई गेली तेव्हा सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की मुलगी गणितात कच्ची आहे, शाळेत राहून नापास झाली तर नाव खराब होईल. त्यापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून अभ्यास करील, शेतात तुम्हालाही हातभार लागेल. म्हणजे मी नापास झाले असते तरी ते शाळेच्या निकालात धरलं गेलं नसतं. आईला हे कुठून कळणार? कुठल्याही कचेरीत तिला आजवर कुणी खुर्ची दिली नव्हती. तिला वाटलं, सर आपलं भलं बघतायत. दुसऱ्या दिवशी ती कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन त्यांना द्यायला गेली. सरांनी ती ठेवून घेतली. माझं नाव शाळेतून कमी केलेल्या माणसाने ती बाटली ठेवून घेतली, हे आठवलं की आजही माझ्या अंगाची लाहीलाही होते.

जूनमध्ये दहावीच्या वर्गात बाईंना रिकामे बाक दिसले. त्यांनी विचारलं, तर सर म्हणाले, पालकांनीच दाखले नेले. बाई वाडीवर आल्या. आम्ही भाताच्या लावणीत होतो. बांधावर छत्री धरून उभ्या राहून त्यांनी आईकडून सगळं ऐकून घेतलं.

"सरांनी चांगल्यासाठीच सांगितला ना, बाई?" आईने घाबरून विचारलं.

"वहिनी, त्यांनी तुमच्या पोरीला भर पाण्यात होडीतून उतरवलंय," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यांना आगळ देऊन आलात."

आई रडली, पण शाळेत यायला तयार होईना. घरात पुरुषमाणूस नाही, मी सरांच्या तोंडाला कशी लागू, एवढंच म्हणत राहिली. वाडीतल्या दुसऱ्या आयांचंही तेच. बाई चिडल्या, पण आयांवर नाही. जाताना मला म्हणाल्या, "पुस्तक बंद करू नकोस. गणपतीत बघते."

गणपतीत कोकणातल्या वाड्या पुरुषांनी भरून जातात. बाई दरवर्षी विद्यार्थ्यांच्या घरी गणपती बघायला येत. पडवीत बसून आग्रहाने वाढलेला मोदक खात आणि सारणात गूळ कमी पडला तर तसं तोंडावर सांगत. त्या वर्षी त्या कच्च्या मुलांच्या प्रत्येक घरी गेल्या आणि घरोघरी बापांशी बोलल्या. माझ्या वडिलांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे पोरीला शाळंतनं काढली, आन् आमाला पत्ता नाय?"

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाड्या सुटतात. आमचे बाप त्या दिवशी गाडीत बसले नाहीत, बाईंना घेऊन शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. सुट्टी होती, म्हणून सरांना घरून बोलावून आणलं. सर आधी पालकांवर रागावले, मग बाईंकडे वळले. निकाल पडला की फ्लॅटवाले मुलं काढून इंग्रजी शाळेत घालतात, पट घसरला की तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे पाठवले जातात, हे सगळं त्यांनी तळमळीने सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्या व्यवस्थेची मला सरांहूनही जास्त चीड येते. पण तिच्यापुढे मुलं टाकायचं सरांनीच ठरवलं होतं.

"उद्या तुम्हीच अतिरिक्त ठराल, बाई," ते म्हणाले.

"ठरेन की," बाई म्हणाल्या. "मी शिकलेली बाई आहे, दुसरीकडं शिकवीन. ही पोरं कुठं जातील?"

तेव्हा माझे वडील उठले. आयुष्यात ते कुठल्या साहेबासमोर बोलले असतील असं मला वाटत नाही. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "ह्यो चिरा माझ्या बापानं वाहिलाय. फक्त हुशार पोरांसाठी नाय वाहिला."

आम्हाला परत घेतलं. बाईंनी उरलेलं वर्षभर शाळा सुटल्यावर व्हरांड्यात आम्हाला बसवलं. मी पास झाले. पुढे बी. ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. पण त्या वर्षी आमच्यातले दोघं गणितात नापास झाले, एक मुलगी आणि आमच्याच वाडीतला संदेश. गेटवर फ्लेक्स लागला नाही. शिक्षकांच्या खोलीत त्या दोघांना 'बाईंचे नापास' म्हणू लागले. बाईंनी ते नाव खुशाल घेतलं. "माझेच आहेत," म्हणाल्या, आणि फेरपरीक्षेसाठी दोघांना पुन्हा व्हरांड्यात बसवलं.

जूनमध्ये त्यांच्याकडून दहावी काढून घेऊन पाचवी दिली. पुढे एक तुकडी तुटली. शाळेत त्यांच्यापेक्षा नवे शिक्षक होते, तरी अतिरिक्त ठरल्या त्या सोलकर बाईच. गुहागरच्या पलीकडे एका शाळेत त्यांना पाठवलं. उतारवयात भाड्याच्या खोलीत राहून त्यांनी तिथे नोकरी पुरी केली. एक अर्ज नाही, एक सभा नाही, कुणी ब्र काढला नाही. फोनवर मी तावातावाने बोलायचे, तर त्या मला गप्प करत. "इथली पोरंपण चुकतात गो. माझं बरं चाललंय."

गेल्या वर्षी बाई गेल्या. शाळेने शोकसभा ठेवली. गेटवर नवा फ्लेक्स होताच. संस्थेच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की शाळेच्या शंभर टक्के निकालाच्या परंपरेत सोलकर बाईंचं मोठं योगदान आहे. जिवंतपणी ज्या गोष्टीसाठी त्यांना हाकललं, तिचाच हार करून फोटोला घालत होते. माझं डोकं फिरलं. मी उठणार, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

संदेश होता. आता तो रिक्षा चालवतो. खाकी शर्टावरच आला होता. त्याने माइक मागितला नाही.

"मी बाईंच्या वर्गातला," तो म्हणाला. "दहावीला नापास झालो. पण घरी बसून नाय. ह्या शाळंत, बाकावर बसून नापास झालो. तेवढा बाईंच्या नावावर लिवा."