मालकाला अक्कल नसावी

डाव्या हातानं टोपी कपाळावरून वर सरकवायची, उजवा हात मोकळा ठेवायचा आणि म्हणायचं, "मले का समजते? तुमीच सांगा."

आमच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर साहेब हे दिवसभर म्हणत. सरकी काढायच्या रेच्याचा पट्टा घसरला, गाडीवानांची जुंपली, सरकीची पोती भिजली, की साहेब येऊन उभे राहायचे आणि टोपी वर जायची. मग समोरचा माणूस, फिटर असो की गाडीवान, आपण होऊन उपाय सांगून टाकायचा. साहेब मान डोलवायचे. "हे बरं सांगितलं बाप्पा तुमी. माह्या ध्यानातच नाई आलं." उपाय त्यांना आधीच ठाऊक असायचा. हे आम्हाला उशिरा कळलं, आणि शेटजींना त्याहून उशिरा.

सिंदी रेल्वे या गावी, स्टेशनच्या पलीकडे आमची फॅक्टरी. मी तिथं वजनकाट्यावर कारकून होतो. शेटजी मालक. ते नागपूरला राहत आणि दिवाळीनंतर हंगामाच्या मुहूर्ताला हटकून येत. रेच्याची पूजा व्हायची, पहिल्या गाडीच्या बैलांना कुंकू लागायचं, शेटजी कापसाची पहिली मूठ आपल्या हातानं रेच्यात टाकायचे आणि मग पेढे खाता खाता आपली बॉयलरची गोष्ट सांगायचे. कोणीतरी त्यांना जुना बॉयलर स्वस्तात गळ्यात मारत होता, सगळे घ्या घ्या म्हणत होते, पण शेटजींनी एकट्यानं नाही म्हटलं. पुढं तो बॉयलर दुसऱ्याकडे फुटला. ही गोष्ट आम्ही दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत असू. सगळ्यात जास्त आश्चर्य साहेबांना वाटायचं.

एका उन्हाळ्यात फॅक्टरी बंद असताना साहेबांनी पुस्तक लिहिलं. धंद्यात माणसं कशी सांभाळावीत, हा विषय. कच्ची छपाई मीच तपासली. पहिलं पान पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'मालकाला अक्कल नसावी'.

"साहेब, नाव थोडं बदला की."

"काऊन?"

"शेटजी काय म्हणतील? नोकरी जाईल."

"वाचतीन तं समजन त्याईले," साहेब म्हणाले. "अन् नाव बदललं तं वाचन कोन?"

आत काय होतं ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही सिंदीकरांसारखं नाव ऐकूनच मत बनवाल. ज्या मालकाला सगळं समजतं त्याला कोणी काही सांगत नाही, एवढंच साहेबांचं म्हणणं. म्हणून मालकानं फॅक्टरीत येताना आपली अक्कल घरी ट्रंकेत ठेवावी, समोरच्याला विचारावं आणि तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. सात प्रकरणं होती आणि प्रत्येकात एकेक किस्सा. साधं, गोड पुस्तक होतं.

वर्ध्याच्या ज्या छापखान्यात ते छापलं, तिथलं कापायचं यंत्र नेमकं बिघडलेलं. त्यामुळे घड्यांची टोकं न कापताच पुस्तक बांधलं गेलं. दर काही पानांनी कडा जोडलेल्या. छापखानेवाला म्हणाला, "ज्याले वाचाचं हाये तो कापन." साहेबांना हे फार आवडलं. कोण कुठवर वाचतो ते आता कडेवरूनच कळणार होतं.

आणि मग जी धमाल उडाली ती काय सांगू. शाळेचे हेडमास्तर रस्त्यात थांबवून म्हणाले, "अहो, अक्कल ही ईश्वरी देणगी आहे, तिची निंदा शोभत नाही." पिपरीचे एक खादीवाले कार्यकर्ते सायकल मारत आले. त्यांची तक्रार 'अक्कल' या शब्दाबद्दल नव्हतीच, 'मालक' या शब्दाबद्दल होती. मालक हा शब्दच नको, विश्वस्त म्हणा. "मंग विश्वस्ताले अक्कल नसावी, असं लिहू का?" साहेबांनी विचारलं. ते बिचारे पुन्हा सायकलवर बसले.

वर्ध्याच्या एका कामगार पुढाऱ्यानं तर गठ्ठाच मागवला. आमच्याच फाटकासमोर सभा घेऊन त्यानं पुस्तक उंच धरलं आणि मालकवर्गाच्या मॅनेजरनंच खरं सांगितलं म्हणून टाळ्या घेतल्या. पुढच्या आठवड्यात गठ्ठा परत आला. कोणीतरी त्याला दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात वाचून दाखवली होती. त्यात लिहिलं होतं की मालकाला लागू ते पुढाऱ्यालाही लागू.

घरी वेगळीच तऱ्हा. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्या मला चहा देताना म्हणाल्या, "नाव तं बराबर हाये. मी सांगूनच राह्यली होती इतके वर्स." त्यांनीही कापलं नव्हतं. त्यांच्या प्रतीवर चहाचं भांडं ठेवलेलं असे.

साहेब ज्याच्या घरी जात, त्याच्या बैठकीतलं पुस्तक सहज उचलत. कापसाचा पेळू बोटांनी ओढून धागा पाहावा, तशी कडेवरून बोट फिरवत. बंद. सगळं बंद. हेडमास्तरांनी पहिली घडी तेवढी कापली होती. साहेब पुस्तक जागेवर ठेवत आणि पोहे खात. पण बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला असे. मला वाईट वाटायचं.

"साहेब, मी वाचलं ना पूर्ण," मी एकदा म्हणालो.

"तू वाचलं नाई रे बाबू. तू तपासलं. आपल्या मनानं कापून वाचलं, असा एक मानूस पाह्यजे मले. एकच."

असा दिवाळीनंतरचा मुहूर्त उजाडला. शेटजी गाडीतून उतरले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजलो. पूजा झाली, नारळ फुटला, पहिली मूठ पडली, पेढे वाटले. आम्ही सवयीनं बॉयलरच्या गोष्टीसाठी उभे राहिलो. गोष्ट आली नाही. शेटजींनी कोटाच्या खिशातून पुस्तक काढलं.

आम्ही सगळे खाली पाहू लागलो. साहेब मात्र पुस्तकाकडे पाहत होते. सगळ्या कडा कापलेल्या होत्या. धसमुसळ्या बोटानं फाडल्यासारख्या, वेड्यावाकड्या, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"मॅनेजर, तो बॉयलर कोणी नाकारला?" शेटजींनी विचारलं.

"तुमीच नाकारला, शेटजी."

"पाचव्या प्रकरणात तसं नाही. त्यात मॅनेजर टोपी वर करतो आणि म्हणतो, मला काय समजतं, फुटला तर काय होईल ते तुम्हीच सांगा. असं विचारत विचारत मालकाच्या तोंडून नाही वदवून घेतो. तो मालक मी आहे का?"

"पाचव्या परयंत वाचलं तुमी?" साहेब एक पाऊल पुढं आले.

"सगळं वाचलं. दोन वेळा वाचलं. इतकी वर्षं मी लग्नाकार्यात ती गोष्ट सांगत फिरलो आणि तुम्ही बाजूला उभं राहून मान डोलवत होता."

गावानं नाव वाचून उगाच शेटजींचा अपमान झाला असं धरलं होतं. शेटजींनी पुस्तक वाचलं आणि त्यांचा खरोखरच अपमान झाला. आता यात कोणाची चूक म्हणायची?

"उद्यापासून कामावर येऊ नका," शेटजी म्हणाले.

"नाई येत. पन सातवं कसं वाटलं?"

शेटजी जायला वळले.

"एक मागनं हाये, शेटजी. ही कापलेली प्रत मले द्या. बदल्यात कोरी देतो."

शेटजींनी पुस्तक टेबलावर आपटलं आणि ते स्टेशनकडे निघून गेले. साहेबांनी ते उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि छातीशी धरलं. मला रडू येत होतं आणि साहेबांचा चेहरा पाहून हसूही.

ते आंजीला आपल्या गावी राहायला गेले. थोडी शेती होती. मी अधूनमधून जात असे. न कापलेले गठ्ठे माळ्यावर, आणि शेटजींची प्रत भिंतीतल्या देवळीत, दिव्याशेजारी. शेटजींनी तांबड्या पेन्सिलीनं पानं रंगवली होती. साहेब मला दाखवत. "पाह्य, इथं 'खोटं' लिहिलं. इथं 'नालायक'. म्हंजे किती ध्यान देऊन वाचलं त्यानं." काकू कपाळाला हात लावत.

इकडे शेटजींनी कारभार स्वतः पाहायला घेतला. रोज हुकूम सुटायचे. माणसं हो म्हणायची आणि हुकमापुरतंच करायची. रुईच्या गोदामाच्या छपराचा पत्रा सरकलाय हे झाडून सगळ्यांना माहीत होतं, पण शेटजींनी विचारलं नव्हतं. अवकाळी पाऊस आला आणि गाठी भिजल्या. दुसऱ्या दिवशी शेटजी गोदामाच्या दारात बराच वेळ उभे होते. मग त्यांनी काळी टोपी वर सरकवली आणि फिटरला म्हणाले, "मला काय समजतं? तुम्हीच सांगा." फिटर जो बोलायला लागला तो दुपारपर्यंत थांबलाच नाही, आणि शेटजी मध्ये बोलले नाहीत.

मी हे आंजीला जाऊन सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, "टोपी कोनत्या हातानं वर केली?"

"डाव्या."

"मंग सातवं बी नीट वाचलं त्यानं." उजवा हात मोकळा ठेवावा, समोरच्याच्या खांद्यावर ठेवायला लागतो, असं सातव्यात होतं.

पुढं शेटजींनी त्यांना परत बोलावणं धाडलं. साहेब गेले नाहीत. "आता त्याईले जमून राह्यलं. मी गेलो तं पुन्हा बिघडन."

पुढच्याच उन्हाळ्यात साहेब गेले. ताप आला काय आणि चार दिवसांत संपले काय. दिवसकार्याला आंजीला गेलो तर दारात नागपूरची मोटार उभी. शेटजी देवळीसमोर उभे राहून आपली जुनी प्रत चाळत होते. तांबड्या रेघांवरून त्यांचं बोट फिरत होतं. मग त्यांनी ती जिथं होती तिथं, दिव्याशेजारी ठेवली.

मला पाहून ते जवळ आले. डाव्या हातानं टोपी वर सरकली. उजवा हात माझ्या खांद्यावर आला.

"आता कोणाला विचारायचं, बाबू? तुम्हीच सांगा."

साहेब विचारत तेव्हा त्यांना उत्तर आधीच ठाऊक असे. शेटजींना त्या दिवशी ते खरंच ठाऊक नव्हतं, आणि मलाही नाही.