वळणावर सांडणारा उजेड

कारध्यात मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा दिवस. घरात पाहुणे, चुलीवर वडे, आणि रक्षा मात्र अंगण ते माजघर फेऱ्या घालत होती. लहानपणापासून तिचे असेच. चिंता लागली की पाय थांबत नसत.

"काहून फिरून राहिली वं?" धुरपता आत्याने झारा उचलत विचारले. "एवढ्यात मंडईच्या चार चकरा झाल्या असत्या."

"पाच वाजेपर्यंत नक्षा पाठवाचा आहे, आत्या."

"मंग पाठव ना. जमला म्हणे ना काल?"

"जमला. जास्तच चांगला जमला."

"चांगलं जमलं म्हणून तोंड पाडणारी तूच पाहिली."

रक्षा बंगळुरूच्या एका कंपनीत सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशासाठी वाटा आखायची. तारेतून वीज जावी तसा त्या वाटांतून प्रकाश जातो, संदेश घेऊन. या खेपेला तिळाहून लहान जागेत एका वाटेच्या चार वाटा करायच्या होत्या. त्यासाठी वळणे अगदी आखूड घ्यावी लागत, आणि आखूड वळणावर उजेड बाहेर सांडतो. कालच्या हिशेबात तो जवळजवळ सांडलाच नव्हता. तिचे वरिष्ठ अमर सर खूश होते. आज नक्षा पाठवला नाही, तर चिप बनवणाऱ्या कारखान्यातली पुढची पाळी सहा महिन्यांनी.

आत्याने दिलेला वडा हातात तसाच धरून ती एकदम थांबली. हिशेबात वाटेच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत धरल्या होत्या. कारखान्यातून त्या थोड्या खरबरीत येतात, आणि आखूड वळणावर उजेड बाहेरच्या भिंतीलाच घासून जातो.

वडा ताटात ठेवून तिने लॅपटॉपवर भिंती खरबरीत धरल्या आणि हिशेब पुन्हा लावला. तो चालेस्तोवर अंगणाच्या पुन्हा फेऱ्या. उत्तर आले: प्रत्येक वळणावर उजेडाचा मोठा भाग बाहेर सांडत होता.

मोठी वळणे घेतली तर जागेत तीनच वाटा मावत. तिने पाचच्या आत तीन वाटांचा नक्षा आखून पाठवला आणि लगेच अमर सरांना फोन लावला.

"सर, चार नाही होत. तीन पाठवल्यात."

"ग्राहकाला चार सांगितल्यात, रक्षा."

"माहीत आहे. चिप बनून आली असती आणि वाटांच्या टोकाला उजेड पोचलाच नसता, सर."

"मग त्यांना तूच सांग. आत्ता."

"आता तरी बस," आत्या म्हणाली.

"एक फोन राहिला," रक्षा म्हणाली, आणि नंबर लावत पुन्हा अंगणात उतरली.