पाठीवरची कांडी

आक्का पुण्याहून परत आल्या त्या दिवशी त्यांच्या मुलाने चहासुद्धा घेतला नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, दोन पिशव्या आणि आई दारापर्यंत आणून सोडली, "काकी, अंधार पडायच्या आत पोहोचायचंय," म्हणाला आणि गेला. आधण चुलीवर तसंच राहिलं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही सोलापुरातच यंत्रमागावर टॉवेल विणायचे आणि दोघेही आता नाहीत. मला मूल झालं नाही. ते दुःख केव्हाच जुनं झालं. आक्कांना हा एकच मुलगा. तो शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथंच घर घेतलं आणि आईला घेऊन गेला. मी स्टँडवर पोहोचवायला गेले होते तेव्हा आक्कांनी मला सांगितलं होतं, माझी ट्रंक तू वापर. म्हणजे त्या परत येणार नव्हत्या. आणि वर्षाच्या आत आल्या.

"पुण्याची हवा मानवंना," त्या म्हणाल्या.

"हवा सगळीकडं सारकीच असती. खरं सांगा."

त्यांनी पिशवीतून मिश्रीची डबी काढली, बोटावर घेतली आणि दाताला लावत बसल्या. आमच्यात अवघड बोलायचं असलं की आधी मिश्री लागते. चूळ भरून आल्या आणि म्हणाल्या, "मी घोरती म्हनं. पोरीला झोप येत न्हाय. तिची शाळा सकाळची. घोरणं कमी झालं की ये, म्हनला."

नातीच्या खोलीतच त्यांचा पलंग होता. नात आठ-नऊ वर्षांची. तिच्यावर आक्कांचा फार जीव. तिच्या वेण्या घालायला मिळतात हेच त्या फोनवर रोज सांगायच्या, दुसरं काही सांगण्यासारखं तिथं घडत नसावं.

आक्का घोरतात हे मला नवीन नव्हतं. पण आयुष्यभर माहीत होतं असंही नाही. आमच्या दोन खोल्या कारखान्याच्या भिंतीला लागून आहेत. भिंतीपलीकडे रात्रंदिवस माग चालायचे. त्या खडखडाटात कोण घोरतं, कोण रडतं, काही कळत नसे. आम्ही घरात बोलायचो तेही ओरडूनच. पाहुणे आले की त्यांना वाटायचं भांडण चाललंय. आक्कांचा मुलगा त्याच आवाजात जन्मला, आईच्या कुशीत झोपून मोठा झाला. तेव्हा त्याची झोप कधी मोडली नाही.

मग कारखाना बंद पडला. मालकाने माग भंगारात काढले. पहिल्या रात्री मला झोपच येईना. शांतता कानात टोचत होती. आणि शेजारच्या अंथरुणावरून घुर्रर्र सुरू झालं. चांगलं जाड, एका लयीत. मला वाटलं, चला, एक माग तरी चालू आहे. त्या आवाजावर मी झोपले आणि पुढे रोज झोपत राहिले. आक्कांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? त्या पुण्याला गेल्यावर मी जुना टेबलफॅन दुरुस्त करून आणला, तो फार खडखडतो म्हणून.

"मग कमी करू की," मी म्हणाले.

"व्हतं का कमी?"

"धागा तुटला की जोडतोच की आपण. हे काय येगळं हाय?"

आम्ही मागावरची माणसं. आवाज बिघडला की कुठंतरी काहीतरी अडलेलं असतं. ते शोधायचं, नीट करायचं, की माग चालू. आमची समजूत तेवढीच होती. पोराने सांगितलं घोरणं थांबलं की ये, म्हणजे घोरणं थांबलं की जायचं. यात आणखी काही असेल असं दोघींच्याही मनात आलं नाही.

आधी गल्लीतले उपाय झाले. कुणी नाकात तूप सोडा म्हणालं, कुणी हळदीचं दूध. तूप सोडून आक्कांना शिंका आल्या, दुधाने पोट फुगलं. समोरची शेजारीण, ती घरात तेलुगू बोलते आणि आमच्याशी मोडकं मराठी, म्हणाली की हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारायची, तोंड उघडत नाही आणि माणूस घोरत नाही. आक्का लगेच फडकं शोधायला उठल्या.

मी म्हणाले, "त्ये मेल्यावर एकदाच बांधत्यात. तवा मी बांधीन."

शेजारीण हसली. आक्का हसल्या नाहीत, पण फडकं ठेवून दिलं.

मग मी त्यांना दवाखान्यात नेलं. कान-नाक-घशाचा डॉक्टर तरुण होता. नाकात, घशात बॅटरी मारून बघितलं आणि मला विचारलं, "घोरता घोरता यांचा श्वास मध्येच थांबतो का? गुदमरून उठतात का?"

मी म्हणाले, "न्हाय. लय धरून घोरतात."

तरी त्याने एक तपासणी लिहून दिली आणि तीही आम्ही केली. तसलं काही निघालं नाही. मग म्हणाला, वजन उतरवा, रात्री लवकर आणि कमी जेवा, तंबाखू बंद, आणि उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. कुशीवर झोपणं छातीलाही बरं.

"आन् मिश्री?" आक्कांनी विचारलं.

"मिश्री म्हणजे तंबाखूच ना, आजी."

 लग्न होऊन आल्यापासून त्यांची मिश्री कधी चुकली नव्हती. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा, मयत उचलून नेल्यावर, मीच त्यांच्या हातात डबी दिली होती.

घरी येऊन त्यांनी डबी मोरीत रिकामी केली आणि घासून पालथी घातली. मला वाटलं, दोन दिवस राहतील. पण राहिल्या. डोकं धरून बसायच्या, माझ्यावर चिडायच्या, भाकरी जाड झाली म्हणून ताट सरकवायच्या, पण डबीला हात लावला नाही. दिवस मावळायच्या आत एक ज्वारीची भाकरी आणि भाजी, की झालं जेवण. त्यांचे गाल बसायला लागले.

अडलं ते कुशीवर. माणूस जागेपणी कुशीवर झोपतो, झोप लागली की वळतो. पाठीला उशी लावून बघितली, ती लोटून द्यायच्या. तेव्हा मला कांडी आठवली. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती लाकडी नळी, आडव्या धाग्याची. आम्ही दोघींनी उभा जन्म कांड्या भरण्यात घालवला. ट्रंकेत दोन-चार जुन्या रिकाम्या पडून होत्या. मी आक्कांच्या झंपराला पाठीमागून बरोबर मध्ये एक लांबट खिसा शिवला, त्यात कांडी घातली आणि तोंड टाचून टाकलं. उताणं वळलं की ती मणक्याला टोचणार.

आक्कांनी घालून बघितलं. "आयुष्यभर मी हिला भरली," त्या म्हणाल्या, "आता ही मला टोचतीया."

"पुन्याला जायाचं हाय न्हवं? मग सोसा."

"सोसती की. पोटच्या पोरासाठी कुनी काय सोसत न्हाय?"

पहिले काही दिवस पाठीवर वळ उठले. मी तेल लावून द्यायची. नंतर अंगाला सवय झाली आणि त्या वळेनाशा झाल्या. घोरणं उतरत गेलं. आधी बारीक झालं, मग पहाटेपुरतं राहिलं, मग गेलं. मी पडून ऐकत असे. खोलीत काही आवाज नसे. मी टेबलफॅन लावायला लागले. आक्का विचारायच्या, "घोरले का गं रात्री?" मी म्हणायची, "न्हाय." खरंच होतं ते.

त्यांनी मुलाला फोन लावला. फोन लावताना पदर नीट केला, जसा तो समोरून बघतोय. "बंद झालं बघ घोरणं. काकीला इचार."

तो म्हणाला, "वा, छान झालं आई. आता परीक्षा आहेत पोरीच्या. त्या झाल्या की बघतो."

परीक्षा झाल्या. मग म्हणाला, घरात रंगाचं काम काढलंय, वास सोसणार नाही तुला. रंग वाळला असेल तेव्हा म्हणाला, एसी बसवलाय, तुझ्या छातीला गार हवा चालेल का, विचारून सांगतो. कुणाला विचारणार होता देव जाणे.

आक्कांना वाटलं, त्याला खरं वाटत नाहीये. "त्याला ऐकव," त्या म्हणाल्या. "फोनात आवाज धरता येतो की."

"काय ऐकवू? घोरत न्हाय त्ये?"

"व्हय. त्येच."

दुपारी त्या कुशीवर झोपल्या. मी फोन त्यांच्या उशाशी ठेवला आणि समोर बसून राहिले. बराच वेळ झाल्यावर बंद केला. नंतर दोघींनी मिळून ऐकलं. पंखा, लांबून एक रिक्षा, आणि कुणाचा तरी कुकर. बाकी काही नाही. आक्का खूश झाल्या. "कसं गप हाय बघ," म्हणाल्या. मी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं.

संध्याकाळी त्याचा अंगठा आला.

"अंगठा म्हंजी ये म्हनतोय का?"

"अंगठा म्हंजी मिळालं."

"बरं," आक्का म्हणाल्या. पण पिशवी त्यांनी त्याच दिवशी धुऊन वाळत घातली.

उन्हाळ्यात माळशिरसला त्याच्या सासरकडचं लग्न निघालं. बायको आणि मुलीला घेऊन तो गाडीने आला. जाताना वाटेवर सोलापूर लागत नाही, तरी वाकडी वाट करून आईकडे जेवायला आला, हे मी सांगायलाच हवं. तो वाईट माणूस नाही. आक्कांनी आदल्या दिवसापासून शेंगा भाजल्या, चटणी कांडली, नवीन झंपर काढलं. नटण्यासाठी नव्हे. त्यालाही त्यांनी माझ्याकडून खिसा शिवून घेतला होता, पुण्याला न्यायला. कांडीसकट तेच घालून बसल्या, की आपण तयार आहोत. धुतलेली पिशवी भरून दाराआड ठेवली होती. मी ती बघितली.

तो पोटभर जेवला. उन्हाचा कहर होता, म्हणून थोडं पडतो म्हणाला. आतल्या खोलीत चटईवर आडवा झाला, उताणा. मुलगी त्याच्या दंडावर डोकं ठेवून लवंडली. सून भिंतीला टेकून मोबाइल बघत होती. आक्का पंख्याकडे पाठ करून मुलाकडे बघत बसल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत उंबऱ्याशी ताटं आवरत होते.

आणि तो घोरायला लागला.

मी मागांजवळ जन्म काढलेली बाई, पण तसलं घोरणं मी ऐकलं नव्हतं. आईसारखंच जाड, फक्त दुप्पट. ताटात ठेवलेली वाटी थरथरत होती. मुलगी त्याच्या दंडावर गाढ झोपलेली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

आक्का हळूच म्हणाल्या, "ह्यो रोज असाच घोरतो?"

सून मोबाइलमधून वर न बघता हसली. "रोज. सुरुवातीला त्रास व्हायचा, आता सवय झालीय आम्हाला. ही तर त्यांच्याशिवाय झोपतच नाही."

मग तिच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. तिने वर बघितलं.  आक्का तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी पदराने मुलाच्या गळ्यावरचा घाम टिपला, उठल्या आणि बाहेरच्या खोलीत आल्या. माझ्याशेजारी ताठ बसल्या. टेकता येत नव्हतं, पाठीला कांडी होती.

आतून आवाज येतच होता. आम्ही दोघी ऐकत बसलो.

तो उठल्यावर मी त्याला गाडीपर्यंत पोहोचवायला गेले. सुनेला आणि मुलीला आत बसू दिलं आणि विचारलं, "घोरणं नसतं, तर दुसरं काय सांगितलं असतंस?"

"काकी," तो म्हणाला, आणि खिशात किल्ली चाचपत राहिला. किल्ली त्याच्या हातातच होती. "जागा कमी पडते गं. ही पण दिवसभर कामावर असते. तुला कळतंय ना?"

"मला कळतंय. आईला तसंच सांगायचं व्हतं. तिनं मिश्री सोडली रं."

 तो गाडीत बसला. मुलीने काचेतून हात हलवला.

मी घरी आले तेव्हा आक्का कात्री घेऊन बसल्या होत्या. झंपर काढून, पदर गुंडाळून, खिशाचे टाके उसवत होत्या. सावकाश, कापड फाटू न देता. कांडी काढली, पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"ठेव जागच्या जागी."

मी म्हणाले, "डॉक्टरनं छातीसाठी बी कूस सांगितली हाय."

"व्हय. पर जगायचं कुनासाठी?"

यावर माझ्यासाठी म्हणायला हवं होतं असं कुणी म्हणेल. आमच्यात तसं बोलायची रीत नाही. मी कांडी ट्रंकेत टाकली, दुकानात गेले आणि मिश्रीची पुडी आणून त्यांच्या पालथ्या डबीशेजारी ठेवली. त्यांनी डबी सुलटी केली.

त्या रात्री त्या उताण्या झोपल्या. मी टेबलफॅन लावला नाही, वाट बघत पडले. काही आवाज आला नाही. घोरायला आधी झोप यावी लागते. दुसऱ्या रात्रीही आला नाही. दाराआडची पिशवी मी सकाळी रिकामी केली, कपडे घडी करून फळीवर लावले. त्या बघत होत्या, नको म्हणाल्या नाहीत.

मग एका पहाटे मला घुर्रर्र ऐकू आलं. आधी बारीक, अडखळत, मग लय धरून. मी उठून त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि त्यांना हळूच कुशीवर वळवलं. त्या पुन्हा उताण्या झाल्या. मी दुसऱ्यांदा वळवलं नाही.