पेज फेकणारी बाई

माणूस जातो, पण त्याने मिळवलेलं ज्ञान मागे राहतं, असं शोकसभेत म्हणायची पद्धत आहे. माझ्या वहिनींसाठी शोकसभा झाली नाही, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या वाट्याला आलं नाही. आलं असतं तर त्यांनी नक्की विचारलं असतं, "हे कुठल्या ओळीत लिहिलंय?"

त्यांना जाऊन आता दीडेक महिना झाला. मी ठाण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. त्या दुपारी आठवीच्या वर्गावर होतो, आणि खाकी कपड्यातला एक शिपाई दारात येऊन उभा राहिला. कल्याणहून आला होता, वहिनींच्या कचेरीतून. वर्गात यायचं म्हणून त्याने चपला बाहेर काढल्या. "मास्तर, बाईंना कचेरीतच कसंसं झालं," तो म्हणाला. "डॉक्टर आणले होते..." आणि थांबला. पुढचं वाक्य त्याला कोणीतरी सांगून पाठवलं असणार, पण ते त्याच्या तोंडातून निघेना. उताऱ्यात जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरू नका, असं मी मुलांना वर्षानुवर्षं बजावत आलो आहे. त्या दिवशी मी गृहीत धरलं, आणि खडू टेबलावर ठेवून निघालो.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा आंबिवलीकडच्या एका कारखान्यात हिशेबनीस होता. देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी तो विषमज्वराने गेला. वहिनींची पंचविशी उलटली नव्हती, शैला रांगत होती. कल्याणात आमच्या दोन भाड्याच्या खोल्या. त्यात कोर्टातून निवृत्त झालेले बाबा, बी. ए.ची पुस्तकं घेऊन बसलेला मी, आणि या दोघी. बाबांच्या पेन्शनीत बाबांचंच जेमतेम भागायचं. तेरावा झाला आणि वहिनींचे थोरले भाऊ बापू त्यांना न्यायला कोकणातून आले. बापू भला माणूस. पण त्यांच्या घरी आधीच एक विधवा आत्या होती. मागच्या पडवीत बसून ती तांदूळ निवडत असे, आणि वहिनी लहानपणापासून तिला बघत आल्या होत्या. "आत्याला आमच्याकडे कोणी वाईट वागवत नाही, भाऊजी," त्या मला एकदा म्हणाल्या, "फक्त तिला कोणी काही विचारत नाही. भाजी कुठली करायची, हेसुद्धा." पडवीत आत्याच्या शेजारी अजून एका माणसापुरती जागा होती, आणि ती जागा वहिनींना कल्याणातून स्पष्ट दिसत होती.

त्याच सुमारास बाबांना कोणीतरी सांगितलं की गावातल्या एका सरकारी कचेरीत बायकांनाही कारकून म्हणून घेणार आहेत. अट एकच, मॅट्रिक. बाबा गंभीर प्रसंगी कोर्टाच्या भाषेत बोलत. त्यांनी बापूंना समोर बसवून निवाडा दिला, "मुलीस परीक्षेस बसण्याची मुभा असावी. उत्तीर्ण झाल्यास येथे, अनुत्तीर्ण झाल्यास तुमचेकडे." बापूंनी मान डोलावली. वहिनींनी विचारलं, "मला काही म्हणायचं असलं तर ते कुठे म्हणायचं?" बाबांनी थोडा विचार केला आणि "आत्ताच म्हणा" असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पास होईन."

वहिनी मराठी सातवी शिकलेल्या. गणितात माझ्यापेक्षा बऱ्या होत्या, इतिहास त्यांना गोष्टीसारखा लक्षात राही. इंग्रजी मात्र मुळाक्षरांपासून. दोन वर्षं संध्याकाळी दिवा लागला की शैलाला मांडीवर घेऊन त्या माझ्यासमोर बसत. मुळाक्षरं झाली, वाक्यं झाली, आणि आम्ही त्या पेपरातल्या सगळ्यात अवघड जागी येऊन पोचलो. न पाहिलेला उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. सरावासाठी मी एक जुनं पुस्तक मिळवलं होतं. त्यात सगळे उतारे विलायतेतले.

"भाऊजी, हे लोक बर्फावरून घसरतात ते मुद्दाम?"

"हो. करमणूक म्हणून."

"घरी कामं नसतील." मग पान उलटून, "आणि हा कुत्रा मेल्यावर ह्याने त्याला दगड बसवून वर नाव कोरलं. आपल्याकडे माणसाला तरी..." त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "मला हे कुत्रे आणि बर्फ नकोत. तुम्ही आपल्या घरातलं लिहून द्या. मी वाचते."

कल्पना मला पटली. मीही तेव्हा चार पुस्तकं वाचून शिक्षणशास्त्रावर मतं बाळगू लागलो होतो. मी रोज एक उतारा इंग्रजीत लिहू लागलो. आमचा पंप मारायचा स्टोव्ह, सार्वजनिक नळावरची पहाट, शेजारच्या काकूंचं वाळवणाच्या दोरीवरून झालेलं भांडण, खडवलीहून भाजी घेऊन येणारी आगरी बाई. वहिनी आता भराभरा वाचू लागल्या. अडलेला शब्द आजूबाजूच्या गोष्टींवरून त्यांना आपोआप कळे, कारण त्या गोष्टी खरोखरच आजूबाजूला होत्या. पण त्यांची उत्तरं जरा निराळी येत. एकदा मी लिहिलं की भाजीवाली मंगळवारी येते, आणि विचारलं की ती कधी येते. वहिनींनी बिनचूक इंग्रजीत लिहिलं, बुधवारी आणि शनिवारी.

"वहिनी, उताऱ्यात मंगळवार आहे."

"हो, पण मंगळवारी ती येतच नाही. तुम्ही घरी कुठे असता? तुमचा उतारा दुरुस्त करा."

मी दुरुस्त केला. काकूंच्या भांडणात दोरी कोणाची होती तेही असंच बदलावं लागलं. आम्ही दोघं हसत असू, पलीकडे बाबाही हसत. दोन वर्षं आमच्या घरात इंग्रजी असं वाचलं गेलं, की उतारा आणि घर यांत फरक पडला तर घर खरं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. इंग्रजीचा पेपर देऊन वहिनी हसतमुखाने परत आल्या. उतारा सोपा होता, म्हणाल्या, आपल्यासारखाच, घरातला. एका बाईने भात शिजवला, वरचं पाणी निथळून काढलं आणि मुलांना वाढलं.

"मग पाण्याचं तिने काय केलं, असं विचारलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"काय केलं?"

"त्यांनी लिहिलंय, फेकून दिलं."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"मी लिहिलं, मीठ घालून धाकट्याला पाजलं."

वहिनींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "भाऊजी, घरात तान्हं मूल होतं. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय. मूल असलेली बाई पेज फेकते होय?" पुढचेही काही प्रश्न त्या पाण्याच्याच मागे होते. तिने ते कुठे फेकलं, का फेकलं... वहिनींनी प्रत्येक ठिकाणी ते वाचवलं होतं.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास, आणि तेही अगदी थोडक्यात.

ठरल्याप्रमाणे बापू आले. वहिनींनी ट्रंक भरून ठेवली होती. शैलाची दोन परकरपोलकी वरच होती, वाटेत लागतील म्हणून. त्यांनी बापूंना चहा दिला आणि पडवीत बसतात तशा भिंतीला टेकून बसल्या. तो बसण्याचा प्रकार मी त्यांच्याकडून आधी कधी पाहिला नव्हता. बापूंनी बहिणीला धीर द्यावा म्हणून म्हटलं, "अगो इंदू, मीसुद्धा मॅट्रिक नापास. माझं काही अडलं? कशात गेलीस तू?" मग मीच सगळं सांगितलं. भात, पाणी, तान्हं मूल.

बापूंनी कपबशी खाली ठेवली. "फेकली? पेज?"

"उताऱ्यात तसं होतं."

"आणि ही म्हणाली पाजली, तर हिला नापास केलं?"

"नियम तसा आहे, बापू."

"कसला नियम! आमच्याकडे गुरांनासुद्धा पेज घालतात, कोणी फेकत नाही. कोण मेला बसलाय तिथे तपासायला? आईने त्याला काय पाजून वाढवलंन?" बापू तांबडेलाल झाले होते. बाबा आतून आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "निवाडा वस्तुस्थितीस धरून दिसत नाही. अपील ऑक्टोबरात करता येते." बापू बहिणीकडे वळले. "ऊठ. ट्रंक सोड ती. ह्यांना पास होऊन दाखवल्याशिवाय माझ्याकडे येऊ नकोस." दुपारच्या गाडीने ते एकटेच परत गेले. सुधारकांच्या भाषणांनी किती विधवा शिकल्या हे मला माहीत नाही. आमच्या घरातली एक, पेजेच्या अपमानामुळे शिकली.

पण आता घडी उलटी घालायची होती. मी वहिनींना समजावलं की जे लिहिलंय तेवढंच खरं मानायचं, आपल्याला काय ठाऊक आहे ते विसरायचं.

"खोटं असलं तरी?"

"खोटं असलं तरी."

"म्हणजे ही नोकरीचीच तयारी म्हणायची," त्या म्हणाल्या.

मग मी रोज खोटे उतारे लिहू लागलो. त्यात बाबा पहाटे उठून सगळ्यांचा चहा करत. नळाला दिवसभर पाणी असे. शेजारच्या काकू दोरी आपणहून सोडून देत. वहिनी ओठ घट्ट मिटून वाचत आणि उत्तरं देत. चहा कोण करतं? बाबा करतात. ते रागावतात का? कधीच नाही. हसू दाबायला सुरुवातीला जड गेलं, पण हळूहळू त्यांचा हात बसला. तरी अधूनमधून एखाद्या प्रश्नाला त्यांची लेखणी थांबे, आणि खरं काय ते नकळत कागदावर उतरे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एका संध्याकाळी, शैला बाबांबरोबर देवळात गेली होती. वहिनी समोर बसल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "आज असं लिहा, की हे घरी आले."

मला आधी कळलं नाही. मग कळलं... शेवटी शाळकरी इंग्रजीत जमेल तेवढं साधं लिहिलं. एक माणूस आंबिवलीला काम करतो. तो संध्याकाळी सहाला घरी येतो. पाय धुतो, मुलीला उचलून घेतो, चहा मागतो. त्याची बायको त्याला विचारते, आज उशीर का झाला. तो म्हणतो, उशीर कुठे झाला?

वहिनींनी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा एकदा मनात वाचलं. मग म्हणाल्या, "विचारा." प्रश्न विचारायची माझी तयारी नव्हती, पण त्या वाट बघत होत्या. तो माणूस घरी कधी येतो, मी विचारलं. "ही कम्स होम ॲट सिक्स," त्या म्हणाल्या. आल्यावर आधी काय करतो? पाय धुतो. मुलीला कोण उचलतं? तो उचलतो. त्याला उशीर झाला का? इथे त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "नो. ही इज नॉट लेट."

सगळी उत्तरं बरोबर होती. त्यांनी कागदाची घडी घातली, उठून चूल पेटवली, आणि पुन्हा माझ्याकडे उतारा मागितला नाही. लागलाही नसता. ऑक्टोबरच्या परीक्षेत त्या इंग्रजीत पास झाल्या, आणि चांगल्या गुणांनी. मला त्यांचं अभिनंदन करताना बरं वाटलं नाही. जे कागदावर आहे ते खरं, असं म्हणायला त्या कुठे शिकल्या, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि पुढे आम्ही दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही.

कचेरीत जागा मिळाली. बाबा गेल्यावर आणि मी ठाण्याला बिऱ्हाड केल्यावरही त्या कल्याणातच राहिल्या, स्वतःच्या नावावर घेतलेल्या खोलीत. भाजी कुठली करायची ते स्वतः ठरवत. बापू दर दिवाळीला तांदूळ घेऊन येत. शैलाला वहिनींनी इंग्रजी शिकवलं नाही, ते माझ्यावर सोपवलं. ती आता आमच्याकडे असते. रडते ते स्नानघरात जाऊन, नळ सोडून. आम्हाला ऐकू येत नाही असं आम्ही मानतो.

गेल्या आठवड्यात मी वहिनींच्या कचेरीत त्यांच्या वस्तू आणायला गेलो. साहेबांनी मला बसवून घेतलं, टेबलावर दोन्ही हात जोडून ठेवले आणि म्हणाले, "बाईंच्या इंग्रजीचा या खात्याला फार मोठा आधार होता." मी मान हलवली. नंतर तोच शिपाई, शाळेत आलेला, मला त्यांच्या टेबलापाशी घेऊन गेला. बाई काय काम करत, मी विचारलं. बाहेरून आलेल्या कागदांवर तारखेचा शिक्का मारायच्या, तो म्हणाला. वाचायचं काम पलीकडच्या टेबलावर असतं. टेबलाच्या खणात जेवणाचा डबा होता आणि एक फणी. खुर्चीवर जुन्या लुगड्याची त्यांनी शिवलेली एक उशी होती. ती मी उचलली, तेव्हा खालचा वेत मधोमध फाटून लोंबताना दिसला.

"ती राहू द्या, मास्तर," शिपाई म्हणाला. "नवीन बाई आल्यात, त्या बसतील कशावर?"

मी उशी परत ठेवली. खुर्ची दुरुस्त करून मिळावी म्हणून वहिनींनी वर अर्ज केला होता, असं तो म्हणाला. इंग्रजीत. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.