गोदावहिनीने मुशी खाल्ली

गोदावहिनीच्या हातची माशाची आमटी सगळ्या टेंभी नाक्याला ठाऊक होती. ती आमटी तिने स्वतः चाखायची नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला अजून संताप येतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

आम्ही कायस्थ प्रभू, ठाण्यातले जुने. मासे आमच्यात रोजचे. पण नवरा गेला की बाईने मासे, मटण, कांदा, लसूण, इतकंच काय मसुरीची डाळसुद्धा सोडायची. गोदावहिनी आमच्या शेजारी राहायची. तिचा नवरा १८९६च्या डिसेंबरात तापाने गेला. ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि मुलगी हेमा महिन्याची. प्लेगमुळे मुंबईची आमची कॉन्व्हेंट शाळा बंद झाली होती, म्हणून मी घरीच होते आणि दिवसभर त्यांच्याकडे असायची. जे पाहिलं ते रोज वहीत लिहून ठेवलं, त्यामुळे तारखा चुकणार नाहीत.

फेब्रुवारीत गोदावहिनीचं दूध आटलं. बोंडल्याने गाईचं दूध पाजलं की हेमा ओकायची. तिचे पाय काटकुळे झाले, रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा बारीक झाला. त्याच घरात गोदावहिनीची धाकटी जाऊ मंदाकिनी पंधरा दिवसांची बाळंतीण होती. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे मुशी देतात. समुद्रातला तो बिनकाट्याचा मासा, त्याचा रस्सा. मंदाकिनीसाठी मुशी रोज यायची. रांधायची कोणी? गोदावहिनीने. आधी आपला वरणभात करून, जेवून घ्यायचा आणि मग माशाला हात लावायचा, असा नियम होता. मीठ बरोबर झालं की नाही ते ती वासावरून ओळखायची.

चेंदणीच्या कोळीवाड्यातली सगुणा मासे घेऊन यायची. तिने एकदा हेमाला पाहिलं आणि पाटी खालीच ठेवली.

“अगो बाय, ही पोर मरंल! हिच्या आयेला दे ना मुशी.”

गोदावहिनीच्या सासूबाई, म्हणजे रखमाबाई, कडाडल्या, “तू मासे विकायला आलीस ना? मग शास्त्र नको सांगूस.”

“शास्त्र कशाला सांगू? पोटाचं सांगते.”

रखमाबाईंनी वैद्याकडून शतावरी आणवली. दहा दिवस झाले, गुण नाही. मंदाकिनी मनाने वाईट नव्हती. ती एकदा हळूच म्हणाली, “वहिनी, माझ्या वाटीतलं मागच्या दारी नेऊन खा. मी नाही सांगायची कुणाला.”

“चोरून एक दिवस जमेल गं. मला रोज हवंय.”

२४ फेब्रुवारी, बुधवार. त्र्यंबकराव, गोदावहिनीचे दीर आणि मंदाकिनीचे यजमान, सुट्टी असल्यामुळे घरी जेवायला बसले होते. गोदावहिनीने त्यांना वाढलं, मंदाकिनीला वाढलं. मग आणखी एक पान मांडलं, त्यावर भात घेतला, मुशीचे दोन तुकडे आणि रस्सा घेतला आणि पाटावर बसली.

“वहिनी, हे काय?”

“जेवते आहे, भावोजी.”

“दादाला जाऊन अडीच महिनेसुद्धा झाले नाहीत!”

“ते गेले. त्यांची मुलगी अजून आहे.”

रखमाबाई भिंतीला धरून उठल्या. “एकवीस वर्षं झाली, मी मसूर शिवले नाहीत. मी मेले का?”

“तुम्ही सोडलंत तेव्हा भावोजी सात वर्षांचे होते. अंगावर पीत नव्हते.”

एवढं बोलून तिने घास घेतला. मी दारात उभी होते. तिने दोन्ही तुकडे संपवले आणि पुन्हा रस्सा घेतला.

आमच्या शाळेतल्या नन्स शुक्रवारी मांस खात नसत. पण तो नेम त्यांनी आपणहून घेतलेला होता, आणि आजारी मुलीला त्या शुक्रवारीही मटणाचं सूप पाजत. इथे जिने कसलाही नेम घेतला नव्हता तिच्यावर तो लादला होता, आणि त्याची शिक्षा तीन महिन्यांच्या पोरीला होत होती. याला धर्म म्हणणाऱ्यांची मला तेव्हाही लाज वाटली आणि आजही वाटते.

घरात तिच्या हातचं बंद झालं. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून ती एकटी रांधू लागली. सगुणा तिकडूनच येऊन मुशी टाकून जायची. नवव्या दिवशी हेमा आईच्या अंगावर पोटभर प्यायली आणि दुपारभर झोपली.

मग रखमाबाई गावभर सांगत सुटल्या, “शतावरी लागू पडली हो!” घराची अब्रू राहावी म्हणून त्र्यंबकरावांनीही तेच सांगितलं. गोदावहिनीने त्यांना म्हणू दिलं. मुलगी वाचली होती, तेवढं तिला पुरे होतं.

मे महिन्यात हेमाचं उष्टावण झालं. चौदा बायका आल्या होत्या. त्यांत प्रमोदिनीबाई रखमाबाईंना म्हणाल्या, “ती शतावरी कोणत्या वैद्याची? माझी लेक गेल्या महिन्यात नवरा जाऊन उघडी पडली, पोर अंगावर आहे आणि दूध नाही. नात माझी सुकत चालली.”

रखमाबाईंनी वैद्याचं नाव सांगितलं. तेवढ्यात पडवीच्या दारातून गोदावहिनी मोठ्याने म्हणाली, “शतावरी नव्हे. मी मुशी खाल्ली, रोज. तिलाही द्या.”

कुणीतरी “शिव शिव” म्हणालं. बायका एकेक करून उठल्या, हातातली पानसुपारी तिथेच ठेवून निघाल्या. त्र्यंबकराव ओरडत होते. त्या गोंधळात प्रमोदिनीबाई मात्र पडवीत गेल्या, गोदावहिनीच्या चुलीजवळ बसल्या आणि त्यांनी विचारलं, “लसूण किती पाकळ्या घालतेस गं?”